डाव्या पानावरची पेज

आमच्या घरात तेव्हा तीन पुरुष होते आणि तिघांपैकी एकालाही मीठ किती घालायचं ते कळत नव्हतं. आई मी शाळेत जायला लागण्याआधीच गेली. उरलो आम्ही तिघं: माझे वडील म्हणजे आबा, त्यांचा धाकटा भाऊ बाळकाका आणि मी. सकाळची पेज आबा करत. उकड्या तांदळाची, दाट, चुलीवर तासभर रटरटणारी. ती कुणाला बिघडवता येत नाही, म्हणूनच बहुधा आम्ही जगलो. फणसाचं पान दुमडून त्याला माडाच्या हिराचा, म्हणजे पात्याच्या काडीचा, तुकडा टोचला की चमचा तयार. त्याने पेज ओरपायची, सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. दुपारी भात आणि बाळकाकाने केलेलं काहीतरी. त्या काहीतरीला नाव नव्हतं. आज लाल झालं तर उद्या पिवळं. रात्री कुळथाची पिठी. "आज पिठी जरा लागली," असं आबा रोज म्हणत, जणू पिठी आपणहून करपायला गेली होती. मग आम्ही तिघं खाली मान घालून जेवायचो आणि ताटं धुवायची पाळी कुणाची यावर भांडायचो.

बाळकाका होड्यांचा सुतार. घरासमोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, झापांच्या मांडवाखाली एखादी होडी कायम कुशीवर पडलेली असे. काका तिच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठासत बसायचा. ठक ठक, ठक. माझी अकरावी-बारावीची सगळी गणितं त्या तालावर झाली. तो गायचाही. त्याला सूर नव्हता, पण त्याची त्याला खबर नव्हती. होडीचं काम घेऊन आलेली माणसं गाणं संपेपर्यंत कुंपणाबाहेर थांबत, आणि ते आदराने थांबतात असं काकाला वाटे.

तिशीला आला तरी त्याचं लग्न जमेना. मुलींची ना नव्हती; देवाची होती. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, नवी होडी पाण्यात घालायची असो, आधी रवळनाथाला विचारायचं. देवळात घाडी, म्हणजे देवळाचा मानकरी, देवाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न घालतो आणि सगळे श्वास धरून बघत राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. बाळकाकाच्या दोन स्थळांना देवाने लागोपाठ डावा दिला होता. दुसऱ्यांदा घरी आल्यावर आबांनी पायरीवर बसून निकाल दिला, "आता तिसऱ्यांदा डावो दिल्यान तर परत विचारूचा नाय. तुझ्या नशिबात होड्योच आसत." काका उठून मांडवाखाली गेला. ठक ठक त्या दिवशी अंधार पडेपर्यंत चाललं.

तिसरं स्थळ शिरोड्याच्या बाजूचं. मी तेव्हा अठरा वर्षांचा. आबांना ताप होता म्हणून काकाबरोबर मला पाठवलं, वरपक्षाची वडीलधारी व्यक्ती म्हणून. पोहे झाले, प्रश्न झाले, पण परतीची एसटी तीन वाजता, म्हणून त्यांनी जेवायला ठेवून घेतलं. पानात तिसऱ्या आल्या, म्हणजे खाडीतले शिंपले. एका शिंपेत मांस ठेवून केलेलं, ओल्या खोबऱ्याचं, त्रिफळाच्या वासाचं घट्ट कालवण. पहिली शिंप चोखली आणि मला बसल्याबसल्या रडू येईल असं वाटलं. जेवण असंही असतं हे मला माहीत नव्हतं. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. वाढायला आली ती मुलगी, सुनंदा, माझ्या पानाशेजारी रचलेल्या शिंपांकडे बघून थांबली आणि आत वळून म्हणाली, "आये, नवरो नक्की खंयचो ह्या दोघांतलो? डोंगर रचल्यान तो काय ह्यो?"

"गप गो चेडवा!" आतून तिची आई ओरडली.

काकाला हसता हसता ठसका लागला. पाणी प्यायला, पुन्हा हसला, पुन्हा ठसका. परतीच्या एसटीत तो एकदाही गायला नाही. खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचं काय झालं होतं ते आज मला कळतं. त्या दिवशी कळलं नाही, कारण माझं डोकं एकाच गोष्टीत होतं. ही बाई आमच्या घरात आली पाहिजे. हे मी स्पष्ट लिहितो, कारण इतकी वर्षं मी ते स्वतःलाही वेगळं सांगत आलो: काकाचं सुख, आबांची काळजी वगैरे. खोटं. मला तिसऱ्या हव्या होत्या.

कौलाच्या सकाळी पाकळ्या आणायचं काम माझ्याकडे आलं. आंघोळ करून देवळामागच्या चाफ्याची फुलं काढायची, पाकळ्या सोडवायच्या आणि पानांवर ठेवून घाडीमामाच्या हाताशी धरायच्या. घाडीमामाची शिस्त कडक. एका बाजूच्या पाकळीला दुसऱ्या बाजूची लागता कामा नये. "दोन पानां कर," तो मला आदल्या दिवशीच म्हणाला होता. "एक ह्या बाजूचा, एक त्या बाजूचा. एका पानार तीन पाकळ्यो." मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी. रात्रभर विचार केला. डाव्या बाजूच्या पाकळ्या घट्ट चिकटल्या तर आधी पडेल कोण? उजवी. सकाळी पेज खाता खाता तळाचा दाट साका मी फणसाच्या पानात घेतला, पान मिटलं, हीर टोचला आणि नव्या पँटच्या खिशात घातलं. चाफ्याखाली कुणी नाही असं बघून डाव्या पानावरच्या तिन्ही पाकळ्यांना पाठीमागून पेज फासली.

तोवर मी कौल कधी गाभाऱ्याशी उभा राहून पाहिला नव्हता. पोरांना बाहेरच थांबवत. त्या दिवशी देवासमोर उभा राहिलो. समईच्या उजेडात देवाचे चांदीचे डोळे थेट माझ्याकडे बघत होते. खिशातलं पान गळत होतं, मांडीवरून पेजेचा ओघळ उतरत होता. घाडीमामाने एका पानावरच्या पाकळ्या इकडे लावल्या, दुसऱ्या पानावरच्या तिकडे. "बा देवा म्हाराजा, ह्या सोयरिकीक तुझो होकार आसात तर उजवो दी," असं तो म्हणाला आणि मी डोळे घट्ट मिटले. दहा-बारा श्वास झाले असतील. मग आबांचा आवाज, मोठ्याने, फाटलेला: "उजवो! उजवो दिल्यान!" कुणीतरी मला खाली ओढलं. मी कपाळ जमिनीला लावून पडून राहिलो. घाडीमामाने पडलेली पाकळी उचलून काकाच्या ओंजळीत घातली. सगळ्यांना वाटलं, पोरगा किती भाविक.

लग्न झालं. घरात बांगड्यांचा आवाज आला, पिठी करपायची थांबली आणि ताटं धुण्यावरून भांडण झालं की सुनंदाकाकी "तिघांनी मिळान एक ताट धुवा" असा न्याय करू लागली. काका गायला लागला की ती चुलीपासून ओरडायची, "होडी बुडली की काय गो बाय, कोण बोंबाटता?" आणि काका आणखी मोठ्याने गायचा. पण पहिल्यांदा तिने तिसऱ्या केल्या तेव्हा माझ्या दाताखाली कचकच वाळू आली. कालवण पाणचट, त्रिफळं कडू. मी ताटाकडे बघत राहिलो. हातची चव अशी एकाएकी कशी जाईल? मला उत्तर दिसलं: देवाने शिक्षा दिली. ज्याच्यासाठी पाप केलं तेच काढून घेतलं. मी वाळूसकट सगळं खाल्लं, पुन्हा वाढून घेतलं, आणि काकीला वाटलं पोराला आवडलं. सहा महिने दर आठवड्याला ती माझ्यासाठी मुद्दाम तिसऱ्या करायची. पुढे वर्षभरात तिचा हात असा बसला की गावात नाव झालं. तेव्हाही मी सुटलो नाही; वाटलं, ही सूट तात्पुरती.

हे वाचताना कुणी हसेल. मीही आता हसतो. पण तरुणपणी रुजलेली भीती वय वाढलं म्हणून आपोआप जात नाही. मी नोकरीला पुण्याला गेलो, लग्न झालं, केस गेले, आबा गेले, आणि काका-काकीच्या घरात काही वाकडं झालं की मला ती पेज आठवायची. सात वर्षं मूल झालं नाही, ते माझ्यामुळे. मनवा झाली, पण वादळात घराचं छप्पर उडालं, ते माझ्यामुळे. सगळ्यात वाईट म्हणजे काकीचं मोठं ऑपरेशन. गोव्याच्या हॉस्पिटलात मी काकाशेजारी बाकावर बसलो होतो. मी म्हणालो, "काका, तुका भय वाटणा नाय?" त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कित्या वाटात? रवळनाथान उजवो दिल्लो आसा मां? त्येनी दिल्ली वस्तू तो असो मधीच नेवचो नाय." आणि तो चक्क भिंतीला डोकं टेकून झोपला. आयुष्यभराचा त्याचा धीर त्या एका पाकळीवर उभा होता, आणि ती पाकळी कशी पडली ते जगात मला एकट्याला माहीत होतं. काकी बरी झाली. मी त्या बाकावर जो जागा राहिलो तो त्यानंतर कधी पुरता झोपलोच नाही म्हणा.

आणि मग मागच्या वर्षी मनवाचा फोन आला. ही त्यांची एकुलती एक मुलगी, मालवणात शाळेत विज्ञान शिकवते. "दादा, आईबाबांच्या लग्नाक पस्तीस वर्सां होतत. हॉल नको, बॅनर नको. खळ्यात बसूया आणि पत्येकान एक आठवण सांगूची. तू पयलो येवक होयो."

मी सकाळीच पोचलो. खळ्यात शेण सारवलेलं, माडाखाली चटया. काका-काकीच्या गळ्यात अबोलीचे हार. काकी हार काढून सारखी स्वयंपाकघरात पळत होती, आणि मनवा तिला परत आणून बसवत होती. तिसऱ्यांना आज दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही असं काकीने जाहीर केलं होतं. आठवणी सुरू झाल्या. शेजारची रोझीबाय म्हणाली, "सुनंदा नवी नवी माझ्याकडे आगपेटी मागूक इली, आणि धाच्या येळेक इल्ली बाय दुपारी जेवान गेली. आगपेटी थयच इसारली." काकीच्या भावाने पाळण्याची गोष्ट सांगितली. मनवा झाली तेव्हा काकाने पाळणा होडीच्या आकाराचा केला होता, कापूस ठासून, तेल पाजून. तो पाण्यावर उत्तम तरंगला असता. दोरीवर मात्र कायम एका बाजूला कलंडायचा. "म्हणान मी अशी वाकडी," मनवा म्हणाली. लोक पोट धरून हसत होते. मीही हसत होतो आणि माझी पाळी यायला किती जण उरलेत ते मोजत होतो.

"आता सुद्या," काका म्हणाला. म्हणजे मी, सुधाकर. "सुद्या, तू कौलाचो सांग. तू देवळात होतस. आता माका सोडून ह्या खळ्यात बगलेलो तूच एकलो उरलस. पोरांका आयकव, देवान कसो झटक्यान उजवो दिल्लो तो."

मी पाळण्याबद्दल काही बोललो असतो, तिसऱ्यांबद्दल बोललो असतो. पण त्याने नेमकं तेच मागितलं. खोटं पुन्हा सांगायचं, ते पोरांच्या कानात घालायचं, किंवा त्याची आयुष्यभराची काठी त्याच्याच लग्नाच्या वाढदिवशी काढून घ्यायची. मी उभा राहिलो. "काका, देवान दिल्लो नाय," मी म्हणालो. "मी दिल्लंय." आणि सगळं सांगितलं. एसटी, शिंपा, फणसाचं पान, खिसा, डावीकडची पेज. सांगताना माझा आवाज अठरा वर्षांच्या पोरासारखा चिरकत होता. शेवटी म्हणालो, "माका माफ कर. तुका सांगूक होया होता, धीर झालो नाय."

रोझीबायने छातीवर क्रूस केला. काका हाराच्या फुलांवरून बोट फिरवत होता.

"डाव्या पानार लावलंस?"

"व्हय."

"तिनी पाकळ्यांक?"

"तिनीक."

"उजव्याक एकाक पण नाय?"

"नाय, काका. रवळनाथाची शपथ."

तो उठला आणि आत गेला. पाठ वाकलेली दिसली. मी काकीकडे बघितलं. ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी मान खाली घातली. आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्याची हत्यारांची पेटी. मग तो बाहेर आला, हातात पितळी तपकिरीची डबी. चष्मा लावला, डबी उघडली, घडीचा कागद सोडवला. आत एक वाळलेली चाफ्याची पाकळी होती, चहाच्या रंगाची. तिच्या पाठीला पांढरं पोपडं चिकटलेलं होतं.

"बाबा, ह्या पांढरा काय?" मनवा वाकून म्हणाली.

"मी पस्तीस वर्सां देवाचा गंध म्हणान पाया पडतंय," काका म्हणाला. त्याने नखाने पोपडं जरा खरवडलं. एक कण बोटावर आला. भाताच्या शिताचं टोक होतं ते. "पेज!"

मला काहीच कळेना. पेज लावलेली पाकळी राहायची होती. पडलेली ही कशी?

"गाढवा, हयसर ये," काका म्हणाला. मला समोर उभं केलं. "मी देव. माझो उजवो हात खंयचो?" त्याने हात वर केला. मीही नकळत माझा उजवा हात वर केला. दोन हात दोन बाजूंना होते. मी त्या हातांकडे बघतच राहिलो. देव माझ्याकडे तोंड करून उभा होता. माझं डावं ते त्याचं उजवं, आणि कौल त्याच्या बाजूने मोजतात. त्या दिवसानंतर मी कौलाच्या वेळी देवळाच्या पायऱ्या कधी चढलो नव्हतो. मला सांगणार कोण?

"म्हणजे लावली ती उजव्याकच," मनवा म्हणाली. "आणि पडली कशी? पेजेन जड झाली आसतली."

"जड नाय गो, निसारली! ओली पेज धरता काय? सुकल्यार धरता. माका चिकटवचा शास्त्र शिकवू नको, माझी जल्माची वर्सां फटी बुजवण्यात गेली." तो माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं आणि मिशी थरथरत होती. रडतो की हसतो ते कळेना. "बाजू चुकलंस ती एक. पेज धरात म्हणालंस ती दुसरी. दोन चुको केलंस म्हणान माझा लगीन झाला. मेल्या, एकच केलंस आसतंस तर मी आज एकटो पिठी करपवत बसलंय आसतंय!"

आधी मनवा हसली, मग रोझीबाय, मग सगळं खळं.

"पण मग देवान खंय दिल्यान?" मी म्हणालो. मला अजून सुटायची लाज वाटत होती.

"एका माणसाच्या हातान दोन चुको, त्यो पण एकाच येळेक, आणि दोनीय माझ्या फायद्याच्यो? ह्या माणसाचा काम न्हय रे. ह्या त्येचाच."

काकी अजून हसली नव्हती. ती म्हणाली, "सुद्या, खरा सांग. तिसऱ्यांसाठी केलंस?"

"व्हय गे काकी."

तिने पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. "अरे बाबा, त्यो माझ्या वयनीन केल्ल्यो! माका तेवा तिसऱ्यांची वाळू काडूक पण येय नसा. तू वाडून घेय होतस म्हणान मी करीत रवलंय. तुझ्या ताटात शिकलंय मी!"

सहा महिन्यांची ती वाळू माझ्या दाताखाली पुन्हा कचकचली. देवाची शिक्षा नव्हती ती. नवी नवरी माझ्या पोटावर स्वयंपाक शिकत होती.

काका देवळाच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. डबी हातात, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात तसा त्याने आवाज लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा सूर लागला. "बा देवा रवळनाथा! ह्या तुझ्या लेकरान खावच्या आशेन तुका पेज लावल्यान, ती तू गोड मानून घेतलंस. आता ह्येचो अपराध पण तसोच गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"पस्तीस वर्सां ह्येच्या पोटात जा काय अडकला होता, ता आज भायर पडला. थय आता जागा झाली आसा. ती भरान काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटचं "व्हय म्हाराजा" जरा उशिरा आलं, स्वयंपाकघरातून. काकी तोवर आत पोचली होती. मी दारातून बघितलं. ती विळीशी बसली होती, आणि तिच्यासमोर घमेल्यातल्या पाण्यात तिसऱ्या तोंडं उघडून हळूहळू वाळू सोडत होत्या.